ब्रेक बघणारे काका

परवान्यासाठी आलेल्या माणसाला काका आधी गाडीत बसूच देत नसत. कार्यालयासमोरच्या रस्त्याकडे बोट करून म्हणायचे, "पलीकडे तो सोड्याचा ठेला दिसतो ना? चालत जा, त्याला शालोम कर आणि चालत परत ये." उमेदवाराला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. तो खिशात हात घालून निघायचा, दोन्हीकडे न बघता रस्ता ओलांडायचा, आणि परत येईपर्यंत काकांनी त्याच्या कागदावर शेरा लिहून टाकलेला असायचा.

"अहो, पण मी अजून गाडी चालवलीच नाही!"

"चालवलीस की," काका म्हणायचे. "आत्ता चालवलीस तशीच चालवणार तू. पुढच्या महिन्यात ये."

ही गोष्ट १९६२-६३ सालची. आम्ही ठाण्याहून इस्राएलला येऊन दोन वर्षं झाली होती. किर्यात मलाखीच्या दक्षिणेला नव्यानं वसवलेल्या एका गावात, तिथल्या भाषेत 'शिकून' म्हणतात तशा सरकारी चाळवजा इमारतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. वडिलांच्या पाठीनं दगा दिला होता. आई पहाटे संत्र्यांच्या बागेत कामाला जायची. मी वीस वर्षांची होते, हिब्रू टायपिंग शिकले होते, आणि गावाच्या कडेला वाहन परवान्याचं जे छोटं कार्यालय होतं तिथं मला नोकरी लागली. कार्यालय म्हणजे पत्र्याची शेड, गाड्या खालून तपासायचा एक खड्डा, दोन टेबलं आणि उजवीकडून डावीकडे पळणारा माझा टाइपरायटर.

काका तिथले बोखेन, म्हणजे परीक्षक. माणसांची परीक्षाही तेच घ्यायचे आणि गाड्यांचीही. दोन्हींना लोक 'टेस्ट'च म्हणायचे. तो एक शब्द मोरोक्कोच्या, रुमानियाच्या आणि आमच्या माणसांना सारखाच कळायचा.

काका आमच्यातलेच, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. परळच्या एका वर्कशॉपात बावीस वर्षं बसगाड्या दुरुस्त करून आलेले. उंच, काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर मुंबईहून आणलेली सोला हॅट. खिशात पेनाऐवजी एक बोटभर हातोडी असायची. तिनं ते चाकाच्या प्रत्येक नटावर टकटक करायचे आणि डॉक्टर छाती ऐकतो तसा कान लावून आवाज ऐकायचे. गाडीला ते 'बाई' म्हणायचे. "ही बाई दमलीय, हिला विश्रांती पाहिजे," किंवा "या बाईला खोकला आहे, मालक लपवतोय." अगदीच वाईट असली तर एकच शब्द, "कंडम!" तो शब्द हिब्रूत नव्हता. पण गावातल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना तो पाठ झाला होता.

मुंबईत गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालायच्या, इथं उजवीकडून. काका नवे आले तेव्हा त्यांनी वर्षभर स्टेअरिंगला हात लावला नव्हता म्हणे. रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर पायी फिरायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "राइट, राइट, राइट." ती सवय इतकी अंगात मुरली की कार्यालयातही ते उजव्या भिंतीकडूनच चालायचे. मी घाईत फायली घेऊन डावीकडून आले तर जागच्या जागी उभे राहायचे आणि मी बाजू बदलेपर्यंत हलायचे नाहीत. आधी मला राग यायचा, मग हसू यायला लागलं. पुढं पुढं मीही उजवीकडूनच चालायला लागले.

ज्या माणसाशी पुढं माझं लग्न झालं त्याला काकांनी चार वेळा नापास केलं. तो आजही कुरकुर करतो. पण तो पहिल्याच फेरीत पास झाला असता तर पाच वेळा माझ्या टेबलासमोर उभा कसा राहिला असता, हे त्याच्या लक्षात येत नाही.

काका दर महिन्याला वरच्या कार्यालयाला एक पत्र पाठवायचे. ते मराठीत सांगायचे, मी हिब्रूत टाइप करायची. मागण्या ठरलेल्या असत. ट्रकमधून माणसं नेणाऱ्या ड्रायव्हरची वेगळी परीक्षा घ्या. त्याचे डोळे दरवर्षी तपासा. माणसं नेणाऱ्या गाडीची टेस्ट वर्षातून दोनदा करा. सुरुवात मात्र दर वेळी नवी असायची.

"लिही पोरी, साहेब, तुम्ही खुर्चीत झोपलात काय?"

मी लिहायची, 'माननीय महोदय, आपलं लक्ष पुढील बाबीकडे वेधू इच्छितो.'

"लिही, माणसं म्हणजे काय संत्र्याच्या पेट्या आहेत?"

मी लिहायची, 'प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.'

काकांना हिब्रू बोलता यायचं, वाचताना अडखळायचे. एकदा त्यांनी आठवड्यातून एकदा येणाऱ्या आमच्या रुमानियन साहेबांकडून ते पत्र मोठ्यानं वाचून घेतलं. ऐकून माझ्याकडे आले. मी घाबरून उभी राहिले. ते म्हणाले, "पोरी, गाडीला ब्रेक पाहिजे, माझ्या पत्राला नको." नंतर ती पत्रं मी जशीच्या तशी लिहायला लागले. उत्तर दोन वर्षांत एकदाच आलं, 'नोंद घेतली आहे' एवढंच. पुढं त्यातल्या एकदोन गोष्टी नियमात आल्या. त्या काकांच्या पत्रांमुळे आल्या असं मी म्हणणार नाही, पण ज्या दिवशी त्याचा कागद आला त्या दिवशी काकांनी साऱ्या कार्यालयाला सोडा पाजला.

हा माणूस एवढा कडक का, याचं कारण लोकांना हवं होतं. ते मिळेना म्हणून त्यांनी तयार केलं. कुणी म्हणे, यांचा मुलगा मुंबईत लॉरीखाली गेला. कुणी म्हणे, यांच्याच हातून एक बाई मेली आणि तोंड लपवायला ते या देशात आले. आमच्या शिकूनमध्ये या दोन्ही गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या जायच्या की मलाही खऱ्या वाटायला लागल्या. एका दुपारी, चहा पिताना, मी भीत भीत विचारलं, "काका, तुमचा मुलगा...?"

"कुठला? थोरला की धाकटा? थोरला हैफाला असतो. धाकटा सैन्यात आहे, पत्र लिहायचा आळस करतो."

"मग तुमच्या हातून कधी... अपघात वगैरे?"

त्यांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, चक्क अपमान झाल्यासारखं दिसत होतं. "बावीस वर्षांत एकपण नाही. का? कुणी मेल्याशिवाय माणसानं आपलं काम नीट करू नये काय?"

मी दोन्ही कप उचलून धुवायला नेले.

आमच्या माणसांनी मात्र आधी वेगळाच हिशोब मांडला होता. सरकारी टेबलामागे आपला माणूस बसलाय, आता आपल्या गाड्या सुटणार! सॅमसनचंही तसंच झालं. सॅमसन मूळचा अलिबागकडचा, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा. त्याच्याकडे सैन्यानं विकून टाकलेला एक जुना ट्रक होता. रोज पहाटे तीस बायकांना बागेत न्यायचं आणि दुपारी परत आणायचं हा त्याचा धंदा. त्या तिसांत माझी आई होती. सॅमसन मनानं चांगला माणूस. ट्रकमध्ये चढताना म्हाताऱ्या बायकांना हात द्यायचा, वाटेत गाणी म्हणायचा. टेस्टच्या दिवशी सकाळी जिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, "आपलेच अंकल आहेत. भ्यायचं कशाला?"

ट्रक शेडमध्ये आला. धुऊन पुसून लख्ख केलेला, टायरंही नवी दिसत होती. काकांनी एक फेरी मारली आणि मागच्या चाकापाशी उकिडवे बसले.

"सॅमसन, या टायरची आणि माझी ओळख आहे."

"कशी अंकल?"

"गेल्या मंगळवारी हे दुसऱ्याच ट्रकवर बसून इथं आलं होतं. हा बघ काप, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. माणसाचं नाव मी विसरतो, टायर विसरत नाही."

सॅमसन कसंनुसं हसला. टेस्टपुरती टायरं मागून आणणं हे तेव्हा बरेच जण करायचे. काका खड्ड्यात उतरले. बराच वेळ हातोडीचा आवाज येत राहिला, मग थांबला. वर आले तेव्हा त्यांची बोटं तेलानं ओली होती.

"ब्रेकचा पाइप चिंधीनं बांधलायस. तेल गळतंय. गळलेलं पुसून त्याच्यावर माती फासलीयस."

"अंकल, एक आठवडा द्या. मोसम आहे. तीस बायका आहेत माझ्या गाडीत."

"तीस बायका आहेत म्हणूनच," काका म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच्या हातानं नंबराची पाटी काढायला लागले.

तेव्हा सॅमसनचा तोल गेला. त्या वर्षांत आमच्या लोकांकडे लग्न नोंदवताना आजी-पणजीपर्यंतचे कागद मागत होते, आम्ही खरे यहुदी की नाही हे ठरवायला. घराघरात त्याचा संताप होता. सॅमसन ओरडला, "तिकडे लग्न करायला जावं तर पणजीचा पुरावा मागतात. इकडे तुम्ही! या देशात आपल्याला फक्त तपासतच राहणार काय?"

काकांचा हात थांबला. "थोरल्याच्या लग्नाला मीपण तीन चकरा मारल्या, सॅमसन. पणजीचं यहुदीपण कुठल्या खड्ड्यात उतरून बघतात ते मला ठाऊक नाही. पण हा पाइप मला दिसतो. तुलापण दिसतो." आणि त्यांनी राहिलेला स्क्रू काढला.

ट्रक बंद केल्याचा हुकूम टाइप करायचं काम माझं होतं. मी केला. संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "कागद कुणी टाइप केला?" मी म्हटलं, "मी." तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

त्या शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेनंतर, काकांना कुणी शालोम म्हटलं नाही. शेजारच्या इमारतीत एका घरी मलिदा होता. नवसाच्या त्या पूजेचं आमंत्रण घरोघर गेलं, काकांचं दार वगळून. मला वाटलं, आता काका खचतील. निदान एखादा शब्द तरी बोलतील. ते नेहमीसारखेच उजव्या कडेनं चालत घरी गेले.

रविवारी पहाटे बायका पायीच निघाल्या. बाग पाच किलोमीटरवर. चौकात काका उभे होते, डोक्यावर हॅट, हातात पिशवी.

"तुम्ही कशाला आलात?" आईनं विचारलं.

"तुम्ही चालणार माझ्यामुळे. मग मी झोपून राहू काय?"

बायका त्यांना वळसा घालून पुढं निघाल्या. काका मागून ओरडले, "रस्त्याच्या डाव्या कडेनं चला. एकामागं एक. समोरून येणारी गाडी डोळ्यांना दिसली पाहिजे." आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती रागानं लाल झाली होती. "आमचा ट्रक काढून घेतला, आणि वर आम्हाला शाळेतल्या पोरींसारखं रांगेत चालवतो!"

असे ते नऊ दिवस चालले. बायकांना बागेत सोडायचं, दुधाच्या गाडीतून परतायचं, आठच्या ठोक्याला कार्यालयात हजर. आणि काम सुटलं की कपडे बदलून सॅमसनच्या ट्रकखाली. पहिले दोन दिवस सॅमसन घरातून खालीच आला नाही. खिडकीतून फक्त ट्रकखालून बाहेर आलेले काकांचे पाय बघत बसला. तिसऱ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन आला आणि तोही खाली शिरला. शुक्रवारी दोघं तेल अविवला जाऊन जुन्या सामानाच्या बाजारातून पाइप आणि लायनर शोधून आले.

ट्रक तयार झाला. सॅमसन म्हणाला, "अंकल, आता द्या शिक्का."

"मी?" काका दचकलेच. "माझ्या हातचं काम मीच कसं पास करू? बेर शेव्याला घेऊन जा. तिथला बोखेन इराकी आहे, माझी त्याची ओळख नाही."

सॅमसन बेर शेव्याला गेला आणि दुपारी पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. नापास! मागचा उजवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, काकांना हे लागेल. बावीस वर्षांचा कारागीर, आणि त्याचं काम दुसऱ्यानं परत पाठवलेलं. पण काका खुर्चीतून उठले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "फर्स्ट क्लास! म्हणजे तो माणूस बघतो!" त्या दिवशी ते शीळ घालत काम करत होते. दुसऱ्या दिवशी दिवा बदलला आणि ट्रक पास झाला.

बायका पुन्हा ट्रकमधून जायला लागल्या. पण काकांशी कुणी मोकळं झालं नाही. माणसं चूक विसरतात, पण अडवणूक विसरत नाहीत. काकांनीही कुणाकडून कधी काही मागितलं नाही.

चारपाच महिन्यांनी, १९६३च्या शरदात, एका दुपारी कार्यालयाच्या आवारात सॅमसनचा ट्रक बायकांसकट येऊन उभा राहिला. सॅमसन आत आला. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. तो काकांच्या टेबलाला धरून उभा राहिला. मागोमाग आई आली. तिनंच सांगितलं.

परत येताना कोरड्या ओढ्याकडचा उतार लागतो. ट्रक भरलेला, वेग बऱ्यापैकी. वळणावर एक चारपाच वर्षांची पोर बकरीच्या मागं धावत मधोमध आली. सॅमसननं पाय रोवला. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या, डबे रस्त्यावर उडाले. ट्रक थांबला. पोर तशीच उभी होती. मग ती बकरीला शिव्या देत निघून गेली.

"किती अंतर राहिलं?" काकांनी विचारलं.

सॅमसननं माझ्या टेबलावर दोन हात ठेवून दाखवलं. टाइपरायटरएवढं.

काका त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते सॅमसनला मिठी मारतील किंवा 'मी सांगत नव्हतो?' म्हणतील. त्यांनी विचारलं, "थांबताना डावीकडे ओढली का?"

"काय?"

"गाडी. थांबताना डावीकडे ओढली का?"

सॅमसन आठवून म्हणाला, "थोडीशी."

"मग चावी दे. एवढ्या जोरात दाबल्यावर लायनर बघायलाच पाहिजेत. बघितल्याशिवाय ही बाई इथून हलणार नाही."

सॅमसन हसायला लागला. हसता हसता रडायला लागला आणि तसाच बाकावर बसला. चावी मात्र त्यानं दिली.

ट्रक जॅकवर चढवला. बायकांनी नेहमीसारखी कटकट केली नाही. घरी निघून जावं तर तेही कुणी केलं नाही. त्या आवारातच, सावलीला, जमिनीवर बसल्या. काकांनी मागचं डावं चाक उतरवलं, बिडाचा ड्रम ओढून काढला. आई उठून जवळ गेली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलत होती.

"दादा, ब्रेक ब्रेक म्हणतात तो नेमका असतो कुठे?"

काकांनी वळून बघितलं. ती टोमणा मारतेय की काय, असा त्यांना संशय आला असावा. मग त्यांनी तिला हातानं खूण केली. "इकडे बस. साडी सांभाळ, तेल लागेल." त्यांनी तिला लायनर दाखवला. पाय दाबला की तेल पाइपातून कसं ढकललं जातं, ते या दोन पट्ट्यांना बाहेर कसं रेटतं, पट्ट्या ड्रमला कशा घासतात आणि चाक कसं धरलं जातं. एक एक करत सगळ्या बायका भोवती जमल्या. लायनर हातोहात फिरला. एका कडेला त्याला बारीक तडा गेला होता. काकांनी आईचं बोट धरून त्या तड्यावरून फिरवलं.

"लागलं हाताला?"

"लागलं," आई म्हणाली. "आणि पाइप गळायला लागला तर आम्हाला वरून कळतं काय?"

"वरून नाही. गाडी रात्रभर उभी असते ना, तिथं चाकाच्या आत जमीन ओली दिसते. वाकून बघायचं."

लायनर दुसऱ्या दिवशी बदलला. काकांच्या दारीही पुन्हा आमंत्रणं जायला लागली. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन हैफाला थोरल्याकडे राहायला गेले. त्यांच्या जागी आलेला बोखेन भला माणूस होता, त्याच्याकडे कुणालाही रस्ता ओलांडून दाखवावा लागत नसे.

पण त्या शरदापासूनच आईनं एक नवीन खूळ काढलं होतं. पहाटे ट्रकपाशी गेल्यावर ती डबा खाली ठेवायची, कंबरेवर हात देऊन वाकायची आणि चारी चाकांच्या आतली जमीन बघायची. सॅमसन वैतागायचा. "रिबेकाबाई, टेस्टर झालात काय? चढा की!" आई पुढच्या चाकाकडे वळायची. तिचं झालं की तिच्यामागची बाई वाकायची, मग तिच्यामागची. तीसच्या तीस बायका वाकून, बघून मगच वर चढायच्या, आणि सॅमसनचा ट्रक रोज दहा मिनिटं उशिरा सुटायचा.